उलट बाजू मांडल्याशिवाय निकाल नाही

मी, जयराम भिमाजी कापडणीस, वय अठ्ठ्याहत्तर, गोदातट विद्यापीठाचा निवृत्त तर्कशास्त्राचा प्राध्यापक, मूळचा नामपूरचा, हल्ली राहणार 'प्रतिपक्ष' बंगला, प्राध्यापक सोसायटी, टेकडी रस्ता, नाशिक, हे मृत्युपत्र आज माझ्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून, स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याचे प्रयत्न आयुष्यात पुष्कळांनी केले, पण त्यांना यश आले नाही एवढे त्यांच्या समाधानासाठी नमूद करतो.

माझे वकील अॅड. संघर्ष गांगुर्डे यांनी आणलेल्या मसुद्यात 'अक्कलहुशारीने' असा शब्द होता. तो मी काढायला लावला. अक्कल आणि हुशारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी जागेवर असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्याऐवजी असे लिहावे, की मला आजचा वार ठाऊक आहे, माझी मुले कोण हे ठाऊक आहे, माझ्या मालकीचे काय आहे आणि काय नाही हे ठाऊक आहे. शेजारच्या डॉ. निकिता देवरे यांनी मला तपासून दाखलाही दिला आहे. दाखला देताना त्या म्हणाल्या, "सर, तुमची स्मरणशक्ती थोडी कमी असती ना, तर तुम्हालाच बरं पडलं असतं." हे दाखल्यात नाही, म्हणून इथे लिहिले.

कलम १. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही माझी पत्नी वत्सला हिला दिले होते. ती माझ्याआधी गेली, त्यामुळे ते मृत्युपत्र आपोआपच निकामी झाले. तरी कायद्यासाठी ते रद्द केल्याचे जाहीर करतो. या घरात माझ्याशी वाद घालून जिंकण्याचा आणि जिंकून वर गप्प बसण्याचा अधिकार फक्त तिला होता.

कलम २. माझे अंत्यविधी साधे करावेत. दहावा गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, करावा, पण गुरुजींशी दक्षिणेवरून घासाघीस करू नये, ते वत्सलाला आवडत नसे. शोकसभा घ्यायचीच असेल तर तीत 'पोकळी निर्माण झाली' हे वाक्य कोणीही उच्चारू नये. मी पासष्ट किलोचा माणूस आहे, माझ्या जाण्याने होणारी पोकळी एका खुर्चीएवढी असेल. आणि शोकसभेत एकाने तरी माझ्याविरुद्ध बोलावे. सगळेच चांगले बोलले तर लोकांना वाटेल की भाडोत्री वक्ते आणले होते.

कलम ३. पुढची कलमे समजण्यासाठी शनिवार सभा म्हणजे काय हे सांगणे भाग आहे. संघर्ष म्हणतो, "सर, मृत्युपत्रात इतिहास लागत नाही." मी त्याला म्हटले, बाबा रे, मिळकतीचा सात-बारा लागतो ना? मग माणसाचाही लागतो.

गोदातट विद्यापीठ सुरू झाले ते घोटीच्या व्यापाऱ्यांनी दान दिलेल्या तांदळाच्या एका गोदामात. आज माहितीपत्रकावर टेकडीवरच्या काचेच्या इमारतीचा फोटो असतो. खरे विद्यापीठ ते गोदाम. बैलगाड्या सरळ आत जाव्यात म्हणून त्याची जमीन रस्त्याच्या पातळीला ठेवलेली होती. पावसाळ्यात पहिल्या रांगेतल्यांचे बूट भिजत आणि भिंतींना भाताचा वास येई. त्या गोदामाचा पुढे हॉल झाला, आणि त्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी वादविवाद भरू लागला. हीच शनिवार सभा.

वादविवाद सगळीकडे होतात. गोदातटची ख्याती झाली ती एका नियमामुळे. जो जिंकेल त्याने पुढच्या शनिवारी त्याच व्यासपीठावर उलट बाजू मांडायची. तितक्याच जोरात, चेष्टा न करता. हरलेल्याने पहिल्या रांगेत बसून ती ऐकायची. हे होईपर्यंत निकाल लागला असे मानायचे नाही. संस्थापक पेशाने वकील होते. ते एक जिंकलेला खटला घेऊन घरी आले आणि त्यांच्या आईने 'त्या बिचाऱ्याचं काय म्हणणं होतं?' असे विचारल्यावर त्यांना ते सांगता येईना, त्यावरून हा नियम निघाला अशी कथा आहे. दुसरी कथा अशी की शनिवारी करमणुकीला दुसरे काही नव्हते. दोन्ही कथा मी वर्गात सांगत असे.

पोरे या नियमाला 'उलटी' म्हणत. "काल जिंकलास ना? मग आता शनिवारी उलटी कर." वसतिगृहातल्या भाषेचा दर्जा हा असा. पण गावात म्हण पडली होती, की गोदातटच्या पोराला मुलगी द्यावी पण हुंड्याचे बोलणे त्याच्यासमोर करू नये, कारण तो मुलीच्या बापाची बाजू अशी मांडतो की स्वतःचाच बाप गारद होतो. मुलाखतीला गेलो की साहेब विचारत, "गोदातटचे का? मग आता सांगा, आम्ही तुम्हाला का घेऊ नये?" माझे तीन सहकारी या प्रश्नाला इतके चांगले उत्तर देऊन आले की त्यांना घेतले गेले नाही.

सभेत अध्यक्षांपुढे एक पितळी घंटा असे. वेळ संपली की ती वाजे. आणि वक्त्याच्या तोंडून अशुद्ध शब्द गेला तरी वाजे. घंटा वाजली की तो शब्द सुधारून वाक्य पुन्हा म्हणायचे, मगच पुढे जायचे.

मी नामपूरहून आलो तेव्हा घरात, शेतात, कांद्याच्या मार्केटात अहिराणी. पहिल्याच भाषणात उभा राहून म्हणालो, "अध्यक्षमहाराज, हा प्रश्न फार महत्त्वाचा शे." घंटा वाजली. हॉल हसला. मी 'आहे' म्हणालो आणि पुढचे भाषण विसरलो. त्या दिवसानंतर मी इतके शुद्ध बोलू लागलो की पुण्याचे पाहुणे विचारत, "आपण मूळचे कुठल्या पेठेतले?" पुढे अठरा वर्षे मी त्या सभेचा अध्यक्ष होतो. घंटा माझ्या उजव्या हाताला असे, आणि मी ती वाजवण्यात कधीही कुचराई केली नाही.

कलम ४. बँकेतील ठेवी माझा मुलगा अमोल याला द्याव्यात. तो पुण्यात असतो, त्याचे उत्तम चालले आहे, त्याला त्यांची गरज नाही हे मला ठाऊक आहे. तरी द्याव्यात, कारण तो दर रविवारी फोन करतो आणि माझे बोलणे ऐकताना दुसरे काम करत असला तरी 'हो बाबा' योग्य जागी म्हणतो. नामपूरची जमीन माझ्या पुतण्याकडेच राहावी. घाम त्याचा आहे.

कलम ५. किरकोळ वस्तू.

(अ) माझी पुस्तके नामपूरच्या वाचनालयाला. तर्कशास्त्राची कोणी नेणार नाही, पण कपाट भरलेले दिसेल.

(आ) माझा काळा कोट धोंडीराम याला. धोंडीराम हॉलचा शिपाई होता. हॉल उघडणे, बाके पुसणे आणि मी आत शिरताना "आले काळे कोट!" असे पुटपुटणे ही त्याची कामे. आता त्याने तो घालून आरशासमोर उभे राहावे आणि हेच म्हणावे.

(इ) निवृत्त कुलसचिव यादव यांनी माझी छत्री नेली ती परत केलेली नाही. ती मागू नये. मात्र ते शोकसभेला आले तर आणि पाऊस असला तर त्यांना छत्री देऊ नये.

(ई) सभेची पितळी घंटा. ती मावळत्या अध्यक्षाने पुढच्या अध्यक्षाकडे द्यायची असा रिवाज. माझ्यानंतर पुढचा अध्यक्ष झालाच नाही, म्हणून ती माझ्याकडे राहिली. ती विद्यापीठाच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवावी, खाली माझे नाव लिहावे.

(उ) माझे मित्र सावळीराम गांगुर्डे, नाशिक रोडच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, संघर्षचे वडील, यांना मी काहीही देत नाही. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही दिले की उद्या कोणीतरी बोट ठेवते असे संघर्ष म्हणतो. सावळीराम म्हणाला, "वा! साठ वर्षांच्या मैत्रीतून काही न देता सुटलास."

त्याचा किस्सा विद्यापीठाच्या प्रत्येक स्मरणिकेत छापून येतो. गोदावरीच्या पाण्यावर वाद होता. सावळीराम 'पानी' म्हणाला, घंटा वाजली. तो थांबला आणि शांतपणे म्हणाला, "अध्यक्षमहाराज, 'ण' म्हटल्याने तहान जास्त भागते का?" हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. तो जिंकला. आणि पुढच्या शनिवारी नियमाप्रमाणे त्याने शुद्ध भाषेची बाजू अशी मांडली की आमचे मराठीचे विभागप्रमुख डोळे पुसत होते.

कलम ६. आता घर.

'प्रतिपक्ष' हा बंगला, अंगण, मागची पाण्याची टाकी व अंगणातला आंबा, जो फळत नाही पण वादही घालत नाही, हे सर्व माझी मुलगी डॉ. हर्षाली हिला मिळावे. ती गोदातटलाच समाजशास्त्र शिकवते आणि समोरच्याच इमारतीत राहते. सात वर्षे आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

म्हणजे ती रोज येते. औषधे डब्यात लावून जाते. माझा रक्तदाब मोजते. पण बोलणे सगळे कामाला येणाऱ्या कुसाबाईंमार्फत. "कुसाबाई, त्यांना सांगा, मीठ कमी खा." "कुसाबाई, तिला सांगा, मीठ कमी खाऊन शंभर वर्षं जगायची माझी इच्छा नाही." कुसाबाई मध्ये उभ्या राहून म्हणतात, "मी भांडी घासू का टपालखात्यात लागू?"

झाले ते असे. विद्यापीठाला ऑनलाइन परीक्षांसाठी हॉल हवा होता. सभेला मुले येत नव्हती हेही खरे. शेवटचा एक वाद ठेवला: 'शनिवार सभा बंद करावी'. बंद करू नये या बाजूने मी, म्हणून त्या दिवसापुरते अध्यक्षाच्या खुर्चीवर कुलगुरू. बंद करावी या बाजूने उभी राहिली हर्षाली. मला वाटले होते ती परीक्षा, संगणक, बदलता काळ असे काही बोलेल. ती म्हणाली, "या सभेनं किती जणांना बोलायला शिकवलं ते आपण मोजतो. किती जणांना गप्प केलं ते कोणी मोजलं?" मग म्हणाली, "माझी आजी चतुराबाई आमच्या घरी राहायची. हा हॉल घरापासून पाच मिनिटांवर. सभेचे अध्यक्ष तिचा मुलगा. तिला इथे एकदाही आणलं नाही."

उत्तर देण्याची पाळी माझी होती. मी म्हणालो, "अध्यक्षमहाराज, माझ्या आईचे गुडघे दुखत. तिला पायऱ्या चढवत नसत." हॉल हसला. मी हात कोटाच्या खिशात घातले.

हर्षाली हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, या हॉलला पायऱ्या नाहीत."

मग हॉलमध्ये कोणी हसले नाही. हात वर झाले ते सगळे तिच्या बाजूने. ती जिंकली.

जिंकली, म्हणून पुढच्या शनिवारी तिने उलट बाजू मांडायला हवी होती. पण मधल्या बुधवारी हॉलला कुलूप लागले आणि आत संगणकांचे खोके आले. मी तिला म्हटले, "हॉल नाही तर अंगणात बोल. नियम म्हणजे नियम." ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला उलट बाजू ऐकायची नाहीये. तुम्हाला माझी माघार ऐकायची आहे." मी म्हणालो, "जिंकून पळून जाणाऱ्याला गोदातटमध्ये काय म्हणतात ठाऊक आहे ना?" ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून कुसाबाईंची नोकरी वाढली.

तेव्हा अट अशी: माझ्या मृत्यूनंतर एक वर्षाच्या आत, कोणत्याही शनिवारी, या अंगणात, लोकांसमोर, हर्षालीने 'शनिवार सभा चालू ठेवावी' या बाजूने संपूर्ण भाषण करावे. केले तर घर तिचे. न केल्यास घर गोदातट विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाला जावे. ते तिथे स्नेहसंमेलने भरवतील, गाणी म्हणतील, आणि ती समोरच्या गॅलरीतून बघत बसेल.

कलम ७. हे कलम मूळ मसुद्यात नव्हते. कलम सहा लिहून झाल्यावर संघर्षने पेन खाली ठेवले आणि वडिलांकडे पाहिले. सावळीराम बिस्किट चहात बुडवत होता. तो म्हणाला, "जयराम, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंस ना रे?"

"मग?"

"हरलेल्यानं पहिल्या रांगेत बसून ऐकायचं, असा नियम. तू मेल्यावर ऐकणार कसा?"

अठ्ठावीस वर्षे पोरांना जी चूक दाखवली ती मीच केली होती. अट स्वतःलाच खाऊन टाकत होती. मी संघर्षला म्हणालो, "मग अट काढ."

"काढायची कशाला?" सावळीराम म्हणाला. "अजून एक आहे. मृत्युपत्रात शेवटचा शब्द कोणाचा? तुझा. पोरीला उत्तर देता येणार नाही. म्हणजे हा वाद तू जिंकलास. आणि जिंकणाऱ्यानं काय करायचं असतं?"

संघर्ष वडिलांना म्हणाला, "अप्पा, मृत्युपत्रात वाद घालता येत नाही."

सावळीराम म्हणाला, "मला काय सांगतोस? हा देवाशीही घालेल."

तर नियमाप्रमाणे मी उलट बाजू मांडतो. ही माफी नाही. कोणी ती माफी समजू नये. हा नियम आहे. विषय: 'शनिवार सभा बंद करावी'. बाजू: करावी.

एक. सावळीरामचा किस्सा आपण सगळे सांगतो, कारण त्याला उत्तर सुचले. ज्यांना सुचले नाही त्यांचे किस्से नाहीत. ते हॉलमधून बाहेर पडले आणि पुन्हा आले नाहीत. मी अध्यक्ष असताना सुरगाण्याकडचा एक मुलगा बोलायला उभा राहिला. मी दोनदा घंटा वाजवली. त्याने हसून हात जोडले आणि खाली बसला. त्याचा मुद्दा काय होता, हे मला आजही माहीत नाही. ज्या सभेत दुसऱ्याची बाजू ऐकण्याचा नियम होता, तिथे आम्ही त्याची एकही बाजू ऐकली नाही. ख्याती कसली घेऊन बसलात? नाकाने कांदे सोलायचे आणि वर म्हणायचे, डोळ्यात पाणी कसे आले नाही बघा!

दोन. उलट बाजू मांडायला आम्ही शिकलो, पण कोणत्या भाषेत? एकाच. वाद कोणताही असो, दोन्ही बाजू त्याच भाषेत. मग ती बाजू कसली उलट?

तीन. माझ्या आईचे गुडघे दुखत नव्हते.

दुखत असते तर ती रोज सकाळी चालत मारुतीला गेली नसती, येताना भाजी घेऊन आली नसती. दर शनिवारी मी कोट चढवत असलो की ती दारात उभी राही आणि विचारी, "आज काय बोलशी रे, भाऊ?" अहिराणीत विचारी, कारण तिला दुसरी भाषा येत नव्हती, आणि मला येत होती ती मी घरातही बोलत नव्हतो. मी म्हणे, "आजचा विषय जरा अवघड आहे, आई." हर्षाली तिथेच टेबलाशी अभ्यास करत असे. तिने ते सगळे ऐकले आहे, हे मला त्या हॉलमध्ये उभे असताना कळले. मला आईची लाज वाटत होती असे मी म्हणणार नाही. मला भीती वाटत होती. ती पहिल्या रांगेत बसेल, माझे भाषण झाल्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणेल, "भाऊ, मस्त बोलना!" आणि माझ्याच हातातली घंटा वाजेल, अशी भीती. पुढे पुढे तिने विचारणे सोडून दिले. तो शनिवार कोणता होता ते मला आठवत नाही. एवढी स्मरणशक्ती असून ते आठवत नाही, याचे मला वाईट वाटते. फार वाईट वाटते.

म्हणून या बाजूचे म्हणणे असे, की सभा बंद झाली ते ठीक झाले. पुन्हा कधी भरवायचीच असेल तर ती घंटेशिवाय भरवावी.

माझे भाषण संपले. विरुद्ध बाजूचे मुद्दे मी कलम तीनमध्ये मांडलेले आहेत आणि तेही खोटे नाहीत. दोन्ही वाचावेत.

कलम ८. वरील कलमामुळे पुढील बदल करतो. कलम सहामधील अट रद्द. संघर्ष म्हणाला, "मग ती ओळ खोडून टाकू, स्वच्छ प्रत काढू." मी नको म्हटले. खोडलेला मुद्दा म्हणजे न मांडलेला मुद्दा. मी किती हट्टी होतो हे नातवंडांना दिसू दे.

कलम पाचमधील (ई) हेही रद्द. घंटा संग्रहालयाला देऊ नये. ती नामपूरच्या मारुतीच्या देवळात टांगावी. तिथे घंटा वाजवणाऱ्याची भाषा कोणी तपासत नाही.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अॅड. संघर्ष सावळीराम गांगुर्डे यांनी करावी. काही शंका आल्यास त्याने त्याच्या वडिलांना विचारावे, वडिलांना शंका नसेल तर मात्र नक्की दुसऱ्या कोणाला तरी विचारावे.

कलम १०. घराविषयी शेवटचे. नियमाचा दुसरा भाग उरतो. मी उलट बाजू मांडली, पण हरलेला पक्ष समोर बसलेला नाही. म्हणजे निकाल अजून नाहीच. आणि मेल्यावर मला बोलता येणार नाही. तेव्हा हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडण्याची वाट न पाहता, सही करण्याआधी आजच तिला वाचून दाखवणे नियमाने भाग आहे. संघर्ष म्हणतो, "मी हर्षालीताईंना फोन लावतो." कुसाबाई म्हणतात, "मी सांगून येते."

नको. मीच लावतो.

जयराम भिमाजी कापडणीस
(मृत्युपत्र करणार)

साक्षीदारांचे निवेदन

मी, सावळीराम गांगुर्डे, राहणार नाशिक रोड, साक्ष देतो की वरील सही श्री. जयराम कापडणीस यांनी माझ्या व डॉ. निकिता देवरे यांच्यासमोर केली, आणि आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या. सही करण्यापूर्वी आम्हाला थांबावे लागले. त्याचे कारण नोंदवणे योग्य वाटते.

जयरामने स्वतः फोन केला. "मी बोलतोय" एवढेच म्हणाला. मग त्याने फोन टेबलावर ठेवला, चालूच, आणि कोट आणायला उठला. समोरच्या इमारतीतून हर्षाली चपला न घालता आली. तिला वाटले, बाबांना काही झाले. दारात येऊन तिने पाहिले तर बाप काळा कोट चढवत होता, हातात हे कागद. ती दारातच थांबली. सात वर्षांत ती त्याच्याशी सरळ पहिल्यांदा बोलली ते एवढेच:

"आज काय बोलशात, बाबा?"

जयराम खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. मग त्याने कलम सात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. ती पहिल्या रांगेत बसली होती, म्हणजे डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर. वाचून झाल्यावर त्याने कागद खाली ठेवला. पुढचे कागदावर नव्हते. तो म्हणाला, "पोरी, हाई घर तुनं शे. अट काहीच नही."

ज्याच्या तोंडून हे ऐकले त्याला मी कॉलेजात असल्यापासून ओळखतो. त्याच्या तोंडून ही भाषा मी पहिल्या भाषणानंतर आज दुसऱ्यांदा ऐकली.

लाभार्थी समोर असताना सही नको म्हणून संघर्षने हर्षालीला नंतर अंगणात उभे केले. कुसाबाई तिच्याबरोबर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता माझं टपालखातं बंद." सही झाली तेव्हा पितळी घंटा टेबलावरच होती. ती वाजली नाही.

साक्षीदार १: सावळीराम गांगुर्डे

साक्षीदार २: डॉ. निकिता देवरे (मृत्युपत्र करणार पूर्ण शुद्धीत होते. सही करताना रडत होते, पण हात स्थिर होता.)

ठिकाण: 'प्रतिपक्ष', नाशिक
दिनांक: १७ जानेवारी २०२६, शनिवार